मोजून दोन चपात्या

नैरोबी, १५ जून

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आई दोन वाक्यं झाली की "ठेव आता, बिल वाढतंय" म्हणते. व्हॉट्सॲपला बिल येत नाही हे सांगून मी थकले. म्हणून हे पत्र. छोटूकडून वाचून घ्या.

आई, दर फोनला तुझं एकच. "तिथं चपाती मिळते का गं?" मिळते. बार्शीच्या स्टँडवर मिळणार नाही इतकी मिळते. ऑफिसच्या मागच्या गल्लीत पत्र्याची टपरी आहे, इथं तिला किबांडा म्हणतात. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे मामा म्हणतात, कारण स्वाहिलीत आई म्हणजे मामा. पहिले काही दिवस त्यांना हाक मारताना मला मंगळवेढ्याचा मामाच आठवायचा.

मामा कोमट पाण्यात मीठ, चिमूटभर साखर आणि तेल घालून मैदा मळतात. पोळी लाटली की वरून तेल फासायचं, गुंडाळून दोरी करायची, दोरीची चकली वळायची, शेपूट खाली दडपायचं. चकल्या फडक्याखाली मुरल्या की पुन्हा लाटून कोळशाच्या शेगडीवर, कडेनं तेल सोडत. म्हणजे आपला लच्छा पराठा, पण नाव चपाती आणि पोरांच्या तोंडी चपो. बरोबर डेंगू. घाबरू नकोस, डेंगू म्हणजे हिरव्या मुगाची रस्सेदार उसळ.

एकदा मी शहाणपणा करून सांगितलं की ही चपाती आमच्याकडून आलेली. १८९६ ते १९०१ मध्ये इंग्रजांनी मोंबासा ते किसुमू रेल्वे टाकली, तेव्हा हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर आणले, बहुतेक पंजाबचे. त्यांच्या आणि मागून आलेल्या दुकानदारांच्या चुलीवरून ती इथं पसरली. पिठाच्या पिशवीवर अजून 'आटा' छापलेलं असतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं, चपाती उलटली आणि म्हणाल्या, "चपाती नी येतू." चपाती आमचीच आहे. वाद घालायची सोय नव्हती, उसळ त्यांच्या हातात होती.

मग त्यांनी लहानपणचं सांगितलं. घरात रोज उगाली, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. चपाती फक्त नाताळला. आदल्या रात्री आई मळायला बसायची, भावंडं शेगडीभोवती गोळा. झालेल्या चपात्या मोजून डब्यात आणि डबा कपाटात कुलपात. माझ्या डोळ्यांसमोर तुझीच आई आली. रोज ज्वारीची भाकरी, आणि गहू दिवाळीला नाहीतर जावई आला तर. माणूस काळं, गोरं कसंही असो, गव्हाचा तोरा तोच.

आता तोरा उरला नाही. नैरोबीत सकाळी चहाबरोबर पाव, दहाला मंदाझी (तळलेला गोडसर फुगीर तुकडा), दुपारी चपो. उगाली करायची तर कोळसा पेटवा, घोटत उभे राहा आणि गरम असतानाच खा. एका खोलीत राहून पहाटे कामाला निघणाऱ्याला पावच परवडतो, त्याला चूलच लागत नाही. माझ्या मते गव्हाची भूक वाढली ती चवीपेक्षा या घाईमुळं. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, राष्ट्राध्यक्षांनी नैरोबीच्या शाळांच्या जेवणासाठी चपात्यांचं मशीन घेऊन द्यायचं जाहीर केलं, कारण मुलांनी चपाती मागितली. नाताळची वस्तू आता शाळेत मिळणार.

बाबा, आता तुमचं खातं. हा देश खातो ते पिकवत नाही. नारोक, नाकुरू, उआसिन गिशू आणि माउंट केनियाच्या उतारावरचं तिमाऊ हाच मुख्य गव्हाचा टापू, बाकी बराचसा देश उष्ण आणि कोरडा. घरचं पीक साधारण तीन लाख टन, बाहेरून येतो वीस लाख टनांच्या आसपास. गिरणीवाल्यांनी आधी देशी गहू उचलायचा, तरच सवलतीच्या जकातीत आयात, असा नियम आहे. बाहेरच्या गव्हात रशिया आणि युक्रेनचा वाटा मोठा. त्यामुळं २०२२ ला तिकडं युद्ध पेटलं आणि इकडं मामांची चपाती महागली. भाव थोडाच वाढवला त्यांनी, चकली मात्र बारीक झाली. मी बोलले नाही, बाकीच्यांनी भरपूर बोलून घेतलं.

२०२४ ला सरकारनं नव्या करांच्या विधेयकात पावावर १६ टक्के व्हॅट लावायचा घाट घातला. लोक चिडले, जूनमध्ये पावावरचा कर मागे घेतला, तरी बाकीच्या विधेयकावरून पोरं रस्त्यावर आली आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली नाही. त्या आठवड्यात मी घरातूनच काम करत होते. तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं, आता रागावू नका.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. विहिरीवरच्या तुकड्यात तुम्ही कल्याण सोना गहू पेरायचात ना? त्याच्या वंशावळीत 'केनिया ५८' नावाचा इथला गहू आहे. तांबेरा रोगाला दाद देत नाही म्हणून मेक्सिकोत तो संकरात घेतला, आणि तिथून फिरत फिरत तो आपल्या रानात आला. इथल्या न्जोरोच्या संशोधन केंद्रात अजून दर हंगामाला जगभरच्या गव्हाची तांबेऱ्यासाठी परीक्षा होते, आपल्याकडच्या वाणांचीही. १९९८ मध्ये शेजारच्या युगांडात तांबेऱ्याचा नवा, जहाल प्रकार सापडला, तेव्हापासून ते काम फार वाढलं.

आणि तुमची ज्वारी मूळची आफ्रिकेची, नाचणीही. इथं ज्वारीला म्तामा म्हणतात, नाचणीला विंबी. विंबीची पेज, म्हणजे उजी, मी सकाळी पिते, तेव्हा आई, कॅल्शियमची काळजी सोड. गंमत एवढीच की ज्यांच्याकडून आपण भाकरी घेतली, ते आता चपातीच्या मागे लागलेत, आणि बाबांना शुगरमुळं डॉक्टर भाकरीच खा म्हणतात. खाताय ना, की आई लाडानं चपाती वाढते?

परवा मामांना विचारलं, नाताळला वाट्याला किती यायच्या? म्हणाल्या, मोजून दोन, आणि एक दुसऱ्या दिवसासाठी लपवून ठेवायची. आई, तुम्हा भावंडांना दिवाळीला किती मिळायच्या गं? आणि लपवायचीस कुठं?

तुमची,
ताई