सेंट अँड्र्यूजच्या चर्चमधल्या आजींना

आजी, सप्रेम नमस्कार.

होली ट्रिनिटी चर्चच्या दाराशी उभं राहून तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला आपुलकीनं आत बोलावता. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना स्कॉटलंडमधलं हे गोल्फचं गाव कसं दाखवावं, ते आम्हाला तुम्ही शिकवलंत. त्याचे आभार सगळ्यांसमोर मानावेत आणि तुमचं सांगणं इतरांच्याही उपयोगी पडावं, म्हणून हे उघड पत्र.

तुमचा पहिलाच सल्ला लाखमोलाचा होता : रविवारी या. ओल्ड कोर्सवर, म्हणजे इथल्या जुन्या गोल्फ मैदानावर, रविवारी खेळ बंद असतो, म्हणून गोल्फवाले तो दिवस टाळतात. पण त्याच दिवशी मैदान सगळ्यांना फिरायला मोकळं असतं. मैदानातल्या छोट्या दगडी स्विल्कन पुलावर निवांत उभं राहता येतं, अठरा होलांपैकी (खेळाच्या टप्प्यांपैकी) सतराव्या होलच्या रस्त्यापर्यंत चालत जाता येतं. एखादी मोठी स्पर्धा असली तर मात्र रविवारीही खेळतात, तेव्हा तारीख आधी बघून ठेवावी. आणि सकाळची उपासना चालू असताना कॅमेरा घेऊन चर्चमध्ये शिरू नये. सगळ्यांबरोबर बसावं, नाहीतर बाहेर थांबावं.

दुसरं म्हणजे क्रम. लोक आधी पुलाकडे धावतात आणि कॅथीड्रलला, म्हणजे बिशपच्या जुन्या मुख्य चर्चला, पोचेपर्यंत दमून जातात. तुम्ही उलटं सांगितलंत. आधी होली ट्रिनिटी, कारण 1559च्या जूनमध्ये प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन नॉक्सचं प्रवचन इथंच झालं आणि त्यानंतर जमावानं कॅथीड्रलची नासधूस केली. मग कॅथीड्रल. 1318 मध्ये राजा रॉबर्ट द ब्रूसच्या उपस्थितीत त्याचं पवित्रीकरण झालं होतं. आज दोन टोकांच्या भिंती, दक्षिणेची एक भिंत आणि मधे गवत एवढंच उरलंय. दगड गावानं घरांसाठी नेले. आधी प्रवचनाची जागा पाहिली की हे भग्नावशेष आपोआप बोलू लागतात. शेजारचा सेंट रूलचा मनोरा 33 मीटर उंच आहे, आतला गोल जिना अगदी अरुंद. गुडघे दुखणाऱ्यांनी नाद सोडावा. दगडकामाची तपासणी चालू असली की तो बंदही असतो.

कॅथीड्रलच्या दफनभूमीत टॉम मॉरिस या एकाच नावाच्या गोल्फपटू बापलेकांच्या थडग्यापाशी थांबायला तुम्ही सांगितलंत, तिथंच सगळा धागा जुळला. भिंतीतल्या दगडी शिल्पात मुलगा टोपी घालून, चेंडूवर वाकून उभा आहे. ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा चार वेळा जिंकलेला हा पोरगा 1875च्या नाताळच्या दिवशी अवघ्या 24व्या वर्षी गेला. वडील त्याच्यानंतर 32 वर्षांहून जास्त जगले. तेच ओल्ड कोर्सची निगा राखत आणि तुमच्याच चर्चचे एल्डर, म्हणजे कारभार पाहणारे वडीलधारे, होते. रविवारी मैदानाला विश्रांती हवीच, हा त्यांचा आग्रह. गवतावर वाळू पसरायची, हीदेखील त्यांचीच शिकवण. चर्च आणि लिंक्स (समुद्राकाठचं गोल्फ मैदान) या दोन वेगळ्या सहली नाहीत, हे आम्हाला या थडग्यापाशी कळलं.

मैदानावर काय बघावं, तेही तुमच्याकडूनच. बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, कडेला वाकून पाहिलं तर मातीसकट कापलेल्या हिरवळीच्या पट्ट्या विटांसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत उन्हानं लवकर सुकते, ढासळते आणि काही वर्षांत पुन्हा बांधावी लागते. म्हणून कडेवर पाय देऊ नये, मुलांना वाळूत उतरू देऊ नये आणि ग्रीनला (होलच्या खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला) वळसा घालून जावं. सात मोठी ग्रीन दोन-दोन होल्ससाठी मिळून वापरली जातात आणि जोडीतल्या होल्सची बेरीज दर वेळी 18 येते : 2 आणि 16, 3 आणि 15. मुलांना हे शोधायला लावलं की ती कंटाळत नाहीत.

इतर दिवशी चूक होते ती ग्रॅनी क्लार्क्स वाइंडवर. हा सार्वजनिक रस्ता पहिल्या आणि अठराव्या होलला आडवा छेदून जातो, त्यामुळे चेंडू दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. दोन्हीकडे बघून, खेळणारे थांबले असतील तरच ओलांडावा. ‘फोर!’ अशी चेंडू येत असल्याचा इशारा देणारी आरोळी आली तर वर बघू नये, डोकं हातांनी झाकावं.

ज्यांना ओल्ड कोर्सवर खेळायचंय त्यांनी हँडिकॅपचा, म्हणजे खेळातल्या आपल्या पातळीचा, दाखला जवळ ठेवावा आणि दोन दिवस आधी खेळाच्या वेळांच्या सोडतीत नाव द्यावं. बाकीच्यांसाठी हिमालयाज आहे! चढउतारांमुळे हे नाव पडलेलं, 1867च्या लेडीज पटिंग क्लबचं हे पटिंगचं, म्हणजे चेंडू हळूच घरंगळवून खळग्यात घालायचं, मैदान. तिथं दाखला लागत नाही, आजोबा-नातवंडं मिळून खेळतात.

गावाला रेल्वे स्टेशन नाही. जवळच्या लूखर्स स्टेशनला उतरून 99 नंबरची बस धरावी लागते. गाडी सुटायला तासभर असेल तर लूखर्सचं बाराव्या शतकातलं चर्च बघा, असं तुम्ही जाता जाता म्हणालात. त्याचा अर्धगोल मागचा भाग आणि बाहेरच्या भिंतीवरच्या कमानींच्या दोन ओळी रस्त्यावरूनही दिसतात, दार बंद असलं तरी. आता आमचा प्रत्येक पाहुणा तिथं थांबून मगच गाडी पकडतो.

तुमचे,
स्कॉटलंडमधले मराठी स्नेही