लंका फुकटच्या दवाखान्याने बुडाली नाही

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्याकडे वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की मोफत शिक्षण, मोफत दवाखाने असं सगळं फुकट वाटल्यामुळे श्रीलंका भिकेला लागली आणि आपलीही तीच गत होणार. ते पत्र मी दोनदा वाचलं आणि रात्री झोप लागेना, म्हणून हे लिहायला बसले.

मी अर्थतज्ज्ञ नाही. पाटण तालुक्यात एकतीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून नोकरी करून २०१७ साली निवृत्त झाले. लोक आम्हाला नर्सबाई म्हणतात, सरकारी कागदावर एएनएम. पण श्रीलंकेत मी चार महिने राहून आले आहे. माझा मुलगा तिथे कुरुणेगल जिल्ह्यात कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला होता. डिसेंबर २०२३मध्ये मी त्याच्याकडे गेले ती मार्चअखेरीस परतले. नारळाच्या बागेत एका कुटुंबाच्या घराचा मागचा भाग त्याने भाड्याने घेतला होता. घरमालकिणीची धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा महिना लागलेला.

एका सकाळी फाटकाशी स्कूटर थांबली. चाळिशीची एक बाई छत्री आणि बॅग घेऊन आत आली, चपला पायरीशी काढल्या आणि ओसरीवर बसली. घरमालकीण तिला 'मिडवाइफ मिस' म्हणत होती. तिने मुलीचं कार्ड मागून घेतलं, बीपी बघितला, डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते पाहिलं. मग वाकून मुलीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. अंगठा उचलल्यावर तिथे खळगा राहतो का, म्हणजे पायावर सूज आहे का, ते ती बघत होती. गरोदरपणात सूज आणि चढलेला बीपी ही पुढे झटके येण्याची धोक्याची खूण असू शकते. मला सिंहली येत नाही, पण त्या क्षणी मला सगळं कळत होतं. तो अंगठा मी हजार वेळा दाबलेला आहे. आणि एकदा दाबायचा राहून गेला, त्याबद्दल पुढे लिहिते.

तिचं हुद्द्याचं नाव मुलाने मला विचारून सांगितलं : 'पवुल् सौख्य सेविका'. पवुल् म्हणजे कुटुंब. सिंहलीत सौख्य म्हणजे आरोग्य, त्यांच्या आरोग्य खात्याच्या पाटीवरही सौख्यच लिहिलेलं असतं. मी आरोग्य सेविका, ती सौख्य सेविका. त्या दिवसापासून आमची मैत्री जमली. तिचं इंग्रजी बरं होतं, माझं मोडकंतोडकं. पण वजन, बीपी, लोहाच्या गोळ्या, जुळं, आडवं मूल हे सांगायला कितीसं इंग्रजी लागतं?

तिच्याकडे साधारण तीन हजार वस्ती. अठरा महिन्यांचं प्रशिक्षण. नवीन लग्न झालेलं जोडपं आलं की तिच्या वहीत नाव चढतं. दिवस राहिले की घरी भेटी, दवाखान्यातून बाळंतीण घरी आली की पुन्हा भेटी, मग मुलाचं वजन, लसी. रोडावलेल्या मुलाला आणि गरोदर बाईला 'त्रिपोषा'ची पाकिटं मोफत. मका-सोयाबीनचं ते पीठ तिथे १९७३पासून वाटलं जातंय. ती स्वतः त्याच गावात राहते. रात्री कोणाला दुखायला लागलं तर आधी तिचा फोन वाजतो, पण बाळंतपण ती घरी करत नाही, दवाखान्यात धाडते. आज तिथली जवळपास सगळी बाळंतपणं दवाखान्यातच होतात.

हे काही काल-परवा कोणी निवडणुकीत वाटलेलं नाही. कळुतर इथे पहिलं आरोग्य युनिट १९२६ साली सुरू झालं, तेव्हा तिथे इंग्रजांचं राज्य होतं. १९३१ साली प्रौढ मताधिकार आला, बायकांनाही. मग १९३४-३५मध्ये मलेरियाची अशी साथ आली की सुमारे ८०,००० माणसं गेली. मतं मागायला गावोगाव जाणाऱ्या पुढाऱ्यांना त्यानंतर दवाखान्याचा विषय टाळता येईना. १९४५ साली शिक्षणमंत्री कन्नंगरांनी शिक्षण मोफत केलं. पांढऱ्याशुभ्र गणवेशातल्या मुली सकाळी बसथांब्यावर उभ्या दिसायच्या तेव्हा मला वाटायचं, या सगळ्याचं मूळ इथे आहे. शिकलेली पोरगी कार्ड वाचते, तारीख लक्षात ठेवते, सासूला दोन शब्द सांगू शकते. आम्ही घसा कोरडा करून जे सांगायचो, त्यातलं निम्मं तिला शाळेनेच सांगितलेलं असतं.

१९३०च्या दशकात त्या देशात लाख जन्मांमागे दोन हजारांच्या घरात आया मरत. १९५०पर्यंत तो आकडा पाचशेच्या आसपास उतरला. तेव्हा तो देश आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता. आता तो तीसच्या आसपास आहे. महाराष्ट्राचाही २०१८-२०चा आकडा ३३ आहे आणि त्यात माझ्या हजारो सहकारी बायांचा घाम आहे, हे मी अभिमानाने सांगते. पण ते लोक तिथे आपल्या कितीतरी आधी पोचले, आणि आपल्या सरासरीच्या आकड्यात नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातली बाई दिसत नाही, हेही खरं आहे.

पत्रलेखकांच्या मुद्द्यावर येते. श्रीलंकेचं सरकार आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आतबाहेर खर्च करत आलंय. एवढ्याने देश बुडत नाही. २०१९च्या एप्रिलमध्ये ईस्टरला बॉम्बस्फोट झाले, पर्यटक आटले. त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने व्हॅट १५ टक्क्यांवरून ८वर आणला, तिजोरीत येणारा पैसा आटला. मग करोना. २०२१ साली एका फटक्यात रासायनिक खतं बंद केली, भाताचं आणि चहाचं पीक झोपलं. डोक्यावर परदेशी कर्जाचा डोंगर होताच. एप्रिल २०२२मध्ये सरकारने कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले. यात त्या स्कूटरवरच्या बाईचा पगार कुठे बसतो, ते पत्रलेखकांनी सांगावं.

उलट त्या वर्षी देश तगला तो अशा बायांमुळे, असं मला घरमालकिणीचं ऐकून वाटलं. पेट्रोलसाठी दोन-दोन दिवस रांगा, दिवसातून कित्येक तास वीज नाही, दवाखान्यात औषधं नाहीत, नेहमीची ऑपरेशनं पुढे ढकललेली. त्रिपोषासुद्धा मिळेना. मिडवाइफ मिस त्या महिन्यांत पायी फिरली. पाकीट देता येत नव्हतं तर मुलाला काय खायला घाला ते सांगून जायची : मूग, सुकट, मुरुंगाचा पाला. मुरुंगा म्हणजे आपला शेवगा.

तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. डॉक्टर मोठ्या संख्येने परदेशी गेले. सरकारी दवाखान्यात गर्दी म्हणून लोक पैसे भरून खासगीत 'चॅनेल' करतात, म्हणजे संध्याकाळी डॉक्टरची वेळ घेतात, आणि बऱ्याचदा तो डॉक्टर सकाळी सरकारीतच बसलेला असतो. चहाच्या मळ्यातल्या तमिळ मजुरांची गोष्ट तर फार वाईट. १९४८ साली त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं होतं, आणि सरकारी दवाखान्याची ही व्यवस्था त्यांच्यापर्यंत कितीतरी उशिरा पोचली. आजही मळ्यातली मुलं बाकीच्यांपेक्षा जास्त खुरटलेली आहेत. मलेरियाचंही एकदा तिथल्या सरकारच्या अंगलट आलं. १९६३ साली देशभरात फक्त १७ रुग्ण राहिले म्हणून सगळे सैल झाले, आणि १९६९ साली पाच लाखांहून जास्त रुग्ण निघाले. ती चूक त्यांनी पुन्हा केली नाही. सप्टेंबर २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो देश मलेरियामुक्त जाहीर केला.

आता माझं सांगते. मार्च १९९३. त्या काळी आम्हाला कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचं टार्गेट असायचं, मार्चअखेर म्हणजे 'केस', म्हणजे ऑपरेशनला तयार होणारी बाई, मिळवायची धावपळ. केस नाही तर मेमो, पगार अडकणार. माझ्या उपकेंद्राखाली डोंगरात एक वाडी होती, एसटी उतरून दीड तास चढ. तिथे एक पहिलटकरीण होती, एकोणीस वर्षांची. जानेवारीत मी गेले तेव्हा तिने नुसतं म्हटलं होतं, बाई, जोडवी घट्ट होतात. म्हणजे पायावर सूज. पुढच्या पंधरवड्यात येऊन बघते म्हणाले. पुढच्या पंधरवड्यात मी शिबिरासाठी केस शोधत दुसऱ्या टोकाला होते. त्याच्या पुढच्या पंधरवड्यात तालुक्याला मीटिंगला. ८ मार्चला तिला झटके आले. घोंगडीची डोली करून माणसांनी खाली आणली, पण रस्त्याला लागायच्या आधीच ती गेली. माझ्या रजिस्टरला एक ओळ लिहिली गेली. चौकशी कोणी केली नाही. ऑपरेशनचं टार्गेट मात्र माझं त्या वर्षी पूर्ण झालं होतं. तीन वर्षांनी सरकारने ती टार्गेटं काढून टाकली.

ही गोष्ट मी घरीसुद्धा नीट बोलले नव्हते. त्या ओसरीवर मिडवाइफ मिसला सांगितली. तिने मला धीर वगैरे दिला नाही. तिने विचारलं, शेवटची भेट कितव्या आठवड्यात झाली होती? मी म्हटलं, एकोणतिसाव्या. आणि गेली कधी? चौतिसाव्या. तिने बोटांवर मोजलं आणि मान हलवली. पाच आठवडे.

म्हणून मला 'फुकट' या शब्दाचा त्रास होतो. गरोदर बाईच्या दारात ठरल्या दिवशी एक शिकलेली बाई पोचणं, ही कोणावर केलेली मेहेरबानी नव्हे. आपल्याकडेही नियम वाईट नाहीत. सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि तिथे एक आरोग्य सेविका, म्हणजे कागदावर आपण आणि लंका जवळपास सारखेच. अडतं ते जागा भरण्यात आणि त्या बाईचा दिवस तिच्या हातात राहू देण्यात. कायम जागा भरा, क्वार्टरची गळकी कौलं बदला म्हणजे ती गावात राहील, आणि एकच नोंद रजिस्टरात, मग मोबाइलवर, मग पुन्हा मीटिंगच्या तक्त्यात करायला लावू नका. सर्व्हे करायला दुसरी माणसं मिळतील.

माझ्या जुन्या उपकेंद्रात सध्या कंत्राटी मुलगी आहे. हुशार आहे, हात हलका आहे. शेजारच्या उपकेंद्राची जागा रिकामी असल्याने त्याचाही भार तिच्यावर आहे. तिच्या वहीत आज चौतीस गरोदर माता आहेत. मागच्या सोमवारी ती मला बाजारात भेटली. मी विचारलं, या महिन्यात कितीजणींच्या घरी जाऊन आलीस? तिने खाली बघितलं आणि म्हणाली, अकरा.

– एक निवृत्त आरोग्य सेविका, ता. पाटण, जि. सातारा