फादरांनी काय काय विचारलं ते सगळं लिहितेय

आई, बाबा,

फोनवर कॅथलिक मुलाशी चर्चमध्ये लग्न करायचा विषय काढला की आई रडते आणि बाबा तुम्ही "बघू" म्हणून फोन ठेवता, म्हणून लिहितेय. शांतपणे दोघांनी वाचा, आई चष्मा लावून वाच.

धर्म बदलायला मला कुणीही सांगितलेलं नाही. त्याच्या घरच्यांनी नाही आणि फादरांनी तर नाहीच. वाडीतल्या बायकांनी तुझ्या डोक्यात भरवलंय की चर्चमध्ये लग्न म्हणजे आधी डोक्यावर पाणी ओतणार, तसं काही नसतं. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी लग्न करायचं तर कॅथलिक माणसाला बिशपांची खास परवानगी लागते, डिस्पेन्सेशन म्हणतात, ती आली की मी आहे तशी हिंदू राहूनच तिथे उभी राहू शकते. सिंधुदुर्गाचा धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा भाग, २००५ पासून पुण्याहून वेगळा झालाय, त्यामुळे कागद सावंतवाडीलाच जाणार. मिस्सा, म्हणजे त्यांची मोठी उपासना, नसेल, फक्त बायबलमधलं वाचन, वचनं आणि आशीर्वाद, दोन साक्षीदार. कायद्याची नोंद १८७२ च्या ख्रिश्चन मॅरेज अॅक्टखाली, त्यात दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं.

आता जे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटतं ते. परवानगीसाठी त्याला वचन द्यावं लागतं की तो त्याचा विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा होईल तेवढा प्रयत्न करेल. वचन त्याचं, माझं नाही, पण ते मला समजावून सांगितलं जातं, म्हणजे उद्या मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी महिनाभर ह्यावर विचार केला, झोप लागायची नाही. त्याच्याशी स्पष्ट बोलले की मुलं गणपतीला आजोळी येणार, आरती म्हणणार, आजीकडून रामरक्षा ऐकणार, आणि हे मी कुणापासून लपवणार नाही. तो हो म्हणाला, फादरांसमोरच म्हणाला.

आणि आई, अंतरपाट. मी फादरांना विचारलं की सकाळी आपल्या पद्धतीने आणि संध्याकाळी चर्चमध्ये असं दोन्ही करू का, तर नाही म्हणाले, लग्नाची संमती एकदाच द्यायची असते, आधी किंवा नंतर दुसऱ्या विधीत परत देता येत नाही. बाहेर येऊन मी खूप रडले कारण मला माहितीये तू माझ्यासाठी मंगळाष्टकं पाठ करून ठेवलीयेस. पण केळवण, हळद, हिरवा चुडा ह्याला त्यांची काहीच हरकत नाही, त्यांच्याकडे पण आदल्या दिवशी नारळाच्या रसाने नवरीला न्हाऊ घालतात, रोस म्हणतात. आपल्या खळ्यात हळद होणार म्हणजे होणार.

लग्नाआधीचा कोर्स झाला, शनिवार-रविवार. पैसे, भांडण, सासर-माहेर, मुलं कधी, सगळं मोकळं बोलतात, मला वाटतं आपल्याकडे पण प्रत्येकाला असा कोर्स करायला लावला पाहिजे. मग फादरांनी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. कुणाची जबरदस्ती आहे का, आयुष्यभरासाठी आहे हे कळतंय का, मुलं हवीत ना. मला असं एकटीला बसवून आजपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं.

तारखेचं बाबा तुम्हीच पंचांग बघून सांगा, पौष संपून माघ लागला की आणि त्यांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आत, म्हणजे आंब्याची घाई पण नसेल.

एक कागद राहिलाय. त्याने सहा महिन्यांच्या आतला नवीन बाप्तिस्मा दाखला आणलाय वेंगुर्ल्याहून, लग्न झालं की तिथल्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे नोंद होते, म्हणून जुना दाखला चालत नाही, मधे कुठे लग्न केलंय का ते नवीनच्यात कळतं. माझी अशी नोंद कुठेच नाही, त्यामुळे माझं आधी लग्न झालेलं नाही हे मला लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणीतरी लिहून द्यावं लागतं. मैत्रीण द्यायला तयार आहे. मला मात्र ते बाबा तुमच्या अक्षरात हवंय. पुढच्या रविवारी घरी येतेय, फॉर्म घेऊन येते.

तुमची
बाय