शनिवारी फोन का उचलला नाही, त्याबद्दल

ग्लासगो,
१७ जून

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. जेवण वेळेवर होते, सर्दी नाही, आणि नोकरीचे तुम्हाला पाठ असलेले सगळे तसेच चालू आहे. फोन सोडून पत्र लिहिण्याचे कारण असे की बाबांना सध्या मोबाइलच्या पडद्याकडे पाहायचे नाही, आणि हे पत्र पोचेपर्यंत उजव्या डोळ्यावरची झाकणी निघालेली असेल, तेव्हा ते त्यांना स्वतःच वाचता येईल. शुद्धलेखनाच्या चुकांवर बाबांनी लाल पेन चालवावे. माझी काही तक्रार नाही.

शनिवारच्या रात्रीचे आधी सांगते, म्हणजे बाकीचे पत्र शांतपणे वाचाल. आईचा फोन तुमच्याकडच्या पावणेबाराला आला, तेव्हा इथे सव्वासात झाले होते. त्याच्या पंचवीस मिनिटे आधी मी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, त्यामुळे "फोटो टाकायला वेळ आहे, फोन उचलायला नाही" हे दादाचे बोलणे मी मुकाट्याने ऐकून घेतले. पण बाबांचा डोळा त्याच रात्री दुखू लागेल हे मला कसे कळणार होते? ऑपरेशन होऊन एक दिवस उलटला होता आणि दुपारी तूच म्हणाली होतीस, आई, की सगळे ठीक आहे, तू आपली जाऊन ये.

फोटोत माझ्यासमोर दुसरा पेला कोणाचा, असे तू दोनदा विचारलेस. तो आमच्या घरमालकीणबाईंचा. शनिवारी त्यांना ७० वर्षे पूर्ण झाली. त्यांचा एकुलता एक मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. त्याला येणे जमले नाही, म्हणून त्याने ओबान गावातल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात दोन माणसांचे जेवण आणि रात्रीची खोली तिकडूनच पैसे भरून ठरवून दिली. दुसरे माणूस कोण, हे मात्र त्याने ठरवले नव्हते. बाई दोन दिवस विचार करत होत्या आणि गुरुवारी जिन्यात उभ्या राहून मला म्हणाल्या, तू येशील का? नाही म्हणवेना. खोलीत दोन वेगळे पलंग होते, आणि गेलो ती आगगाडी दिवसाउजेडीची होती, हेही सांगून ठेवते.

ग्लासगोहून ओबानला जायला तीन तासांच्या वर लागतात. आपल्या हर्णैसमोर जसा सुवर्णदुर्ग, तसे ओबानच्या समोर केरेरा नावाचे बेट आडवे पडलेले आहे. फरक एवढाच की ते पुष्कळ मोठे आहे आणि त्याच्या आडोशाने बंदरातले पाणी तळ्यासारखे शांत राहते. पलीकडच्या मल बेटाकडे जाणारी मोठी बोट जेवणघराच्या खिडकीतून जाताना दिसते. लाटांचा आवाज नसलेला समुद्र मला अजून समुद्र वाटत नाही, पण ते असो.

आता इथली एक रीत सांगते, कारण ती समजल्याशिवाय त्या संध्याकाळचा काहीच उलगडा होणार नाही. अशा हॉटेलात जेवायला गेलेले माणूस जेवायच्या टेबलाशी जातच नाही. त्याला आधी दुसऱ्या एका खोलीत नेतात. तिथे सोफे असतात, शेकोटी असते (जूनमध्येसुद्धा पेटवलेली होती), आणि तिथे बसून काहीतरी पीत जेवणाची यादी वाचायची असते. यादी वाचणे हे दोन मिनिटांचे काम नव्हे. ते अर्धा तास चालते आणि त्या अर्ध्या तासात भूक हा शब्द कोणी काढत नाही. मग एक मुलगी येऊन गुडघ्यावर टेकून हळू आवाजात विचारते की काय ठरले. ती लिहून घेते आणि जाते, आणि तुम्ही पुन्हा सोफ्यावरच. मग एका पाटीवर नखाएवढे तीन खाऊ येतात, ते हाताने खायचे, पण त्यांना जेवणात धरायचे नाही. आत स्वयंपाकघरात तुमचा पहिला पदार्थ तयार झाला की तीच मुलगी येऊन म्हणते, आता चलावे. तोवर उठायचे नाही. मी सवयीप्रमाणे एकदा उठले होते, तर बाईंनी माझ्या पदराला हळूच हात लावून मला खाली बसवले. आणि सगळे जेवण झाल्यावर कॉफीसाठी परत त्याच सोफ्यांवर यायचे, म्हणजे जेवणाच्या टेबलाशी जेवणाशिवाय एक क्षणही काढायचा नाही. मला आधी हे सगळे नाटक वाटले. मग लक्षात आले की आपल्याकडेही ओटीवर गप्पा मारत बसलेले पाहुणे "पानं घेतली आहेत" अशी हाक आल्याशिवाय माजघरात जात नाहीत. फक्त आपल्याकडे ती हाक आजीची असायची आणि पुऱ्या थंड होतील या धमकीसह यायची. तुझा फोन, आई, नेमका उठायच्या त्या क्षणी आला. बाईंनी आपला फोन आवाज बंद करून पर्समध्ये टाकला, ते पाहून मीही तसेच केले होते. एवढेच झाले.

पेल्यातल्या पिवळसर पाण्याबद्दलही सांगते. ते एल्डरफ्लॉवर नावाच्या फुलांचे सरबत, सोडा घातलेले. गोमांस यादीत होते, पण बाईंनी आधीच कळवून ठेवले होते.

जेवण पाच पदार्थांचे होते आणि प्रत्येक पदार्थ त्याच्या थाळीपेक्षा पुष्कळ लहान. सोफ्यावरच्या तीन खाऊंपैकी एक म्हणजे ओटच्या भरडीत घोळवून तळलेला हेरिंगचा तुकडा. हेरिंग ही आपल्या तारलीची थोरली बहीण म्हणायला हरकत नाही. तो तोंडात घातला आणि मला रव्यातला बांगडाच आठवला. बाई म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी हे गरिबाचे रात्रीचे जेवण होते, चार-चार मासे एका माणसाला. आता तेच अंगठ्याच्या पेराएवढे मिळते आणि त्याच्यावर फूल असते.

टेबलावर आधी कच्ची कालवे आली. आई, नाक मुरडू नकोस. ओबानच्या उत्तरेला लॉख क्रेरन नावाची खाडी आहे, तिथे त्यांची शेती करतात. लिंबू पिळून ती गिळायची असतात. मी एक गिळले, दुसरे बाईंना दिले. कालवांचे तुझे सुके ज्याने खाल्ले आहे त्याला कच्च्या कालवाचे कौतुक पटवणे अवघड आहे. मग लँगूस्टीन आल्या. शेवंडीचे बारीक, नारिंगी पोर डोळ्यांसमोर आणा, लांब सडपातळ नांग्यांचे. त्या चिखलात बिळे करून राहतात, आणि या किनाऱ्यावर पुष्कळजण पिंजरे टाकून त्यांना धरतात. बाईंचे वडील मच्छीमार होते; हेरिंगच्या दिवसांत जाळ्यात असल्या लँगूस्टीन आल्या तर ते त्या परत पाण्यात फेकत, कारण त्यांना गिऱ्हाईकच नव्हते. आज त्यांतल्या कितीतरी स्पेन आणि फ्रान्सला जातात. बाबांना हे आवडेल म्हणून मुद्दाम लिहिले. लोण्यात परतलेल्या तीन मिळाल्या. तिसरी खाताना मला आठवले की १ जूनपासून आपल्याकडे मासेमारी बंद आहे, लिलाव ३१ जुलैपर्यंत बंद, आणि तुमच्याकडे त्या दिवशी सुकटच असणार. बाबांना तर पथ्याचा भात. पण तिसरीही मी खाल्ली. खोटे कशाला लिहू?

हॅलिबट नावाचा पांढरा मासा मुख्य जेवणात होता. चांगला होता, पण मीठ आणि लोणी यांपलीकडे इथल्या माणसाची जीभ फारशी जात नाही असे माझे मत दृढ झाले. बाईंनी त्यांचा अर्धा टाकला. शेवटी क्रॅनाखन, म्हणजे भाजलेले ओट, साय, मध, रास्पबेरी, आणि त्यात गावातलीच व्हिस्की; ओबानच्या भर वस्तीत १७९४ पासून तिची भट्टी आहे. व्हिस्की चमचाभरच होती, पण होती. पेल्याचे मी वर एवढे लांबण लावले, म्हणून हेही सांगून टाकते.

एका माणसाचे ९० पौंड, असे यादीवर छापलेले होते. बाबा, गुणाकार करू नका, पैसे पर्थहून आले होते. दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच्या टपरीवर कागदी थाळीत तसल्याच लँगूस्टीन उभ्याने खाल्ल्या, त्या मला जास्त आवडल्या. ते पैसे मात्र मी दिले.

कॉफीला परत सोफ्यावर आलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि खिडकीत अजून उजेड होता. दोघींनी पर्स उघडल्या. माझ्यात तुझे चार फोन आणि दादाचा निरोप, की डॉक्टरांनी औषधाचे थेंब बदलून दिले, बाबा झोपले आहेत. बाईंच्यात मुलाचे तीन. पर्थला पहाटेचे पाच वाजून गेले होते, वाढदिवस संपायच्या आत बोलावे म्हणून तो लवकर उठला होता. त्यांनी त्याला फोन लावला, चार मिनिटे बोलल्या, मासा फार सुंदर होता म्हणाल्या, अगदी सगळा संपवला म्हणाल्या. मी तुम्हाला लावला नाही, कारण तिकडे पावणेतीन झाले होते. दीड वाजेपर्यंत न्हाणीघरात बसून राहिले, म्हणजे तुमच्याकडचे सहा वाजतील आणि बाईंची झोपही मोडणार नाही. मी "आत्ताच उठले" असे म्हणाले होते ते एवढ्यासाठी.

आता बाकीचे. ऑपरेशनसाठी पाठवलेले ६० हजार बाबांनी माझ्याच नावाने मुदत ठेवीत टाकल्याचे दादाकडून कळले. बाबा, ते मोडा. दुसऱ्या डोळ्याला ते लागतील, आणि नाही लागले तर पडवीची कौले आहेतच. खेडच्या स्थळाचा फोटो पाहिला. मी नाही म्हणत नाही, आई, पण पत्रिका दाखवण्याआधी त्याला विचारा की लग्नानंतर पुण्यातच राहायचे असा त्याचा हट्ट आहे का, कारण इथे मला आणखी २ वर्षांचा करार दिला आहे आणि मी त्यावर सही केली आहे. ५ जूनला केली. ऑपरेशनच्या गडबडीत सांगायचे राहिले असे लिहिणार होते, पण तुम्हाला ते खरे वाटणार नाही. पगार वाढला आहे. गणपतीला येणे होणार नाही, डिसेंबरचे तिकीट काढते. दादाला आरतीचे साहित्य यंदाही एकट्यानेच आणावे लागेल, त्याचे चार शब्द मी ऐकून घेईन.

कॉफीबरोबर टॅब्लेट नावाची एक वडी दिली होती, साखर, लोणी आणि आटवलेल्या दुधाची, तुझ्या दुधाच्या वडीसारखीच रवाळ. माझ्या दोन मी कागदात बांधून आणल्या आहेत. ऑफिसातला एकजण पुढच्या आठवड्यात चिपळूणला जातो आहे, त्याच्याबरोबर पाठवते. फार गोड आहे, बाबांना अर्धीच दे.

तुमची,
शुभा

ता. क. फोनचा आवाज आता रात्रीही चालू ठेवते. कितीही वाजता कर.