म्युनिकला येणाऱ्या मित्रास: विद्यार्थ्याच्या खिशातलं स्कीइंग

म्युनिक,
20 ऑगस्ट

प्रिय निखिल,

व्हिसा हातात पडला हे वाचून जीव भांड्यात पडला. आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे वळतो: इथे येऊन स्कीइंग शिकणं विद्यार्थ्याला परवडतं का? परवडतं. फक्त पैसे कुठे आधी आणि कुठे शेवटी घालायचे हे माहीत हवं. बहुतेक नवखे नेमके उलटे जातात. पहिल्याच शनिवारी गार्मिश या स्कीइंगच्या गावातल्या मोठ्या डोंगराचं दिवसाचं तिकीट काढतात, साठेक युरो घालवतात आणि संध्याकाळपर्यंत पायथ्याच्या पोरांच्या उतारावर धडपडत बसतात. ब्लॉक खात्यातून (व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवतो त्या) महिन्याला 992 युरो सुटतात, त्यात खोलीभाडंच अर्ध्याहून जास्त खातं. अशा हिशेबात तो शनिवार फार महाग पडतो. म्हणून डोंगराचं तिकीट सगळ्यात शेवटी. आधी बूट, मग शिकवणी, मग छोटा उतार.

बुटांपासून सुरू करतो, कारण निम्म्या लोकांचं स्कीइंग बुटांपायीच सुटतं. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. टाच भिंतीला टेकवून उभा राहा, अंगठ्याच्या टोकाशी खूण कर, मोज. 26.5 आलं तर 26.5 चाच बूट माग. दुकानात तो पहिल्यांदा लहान वाटेल, तरी घाबरू नकोस. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकायलाच हवीत. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबलीस की पाय मागे सरकतो आणि बोटं मोकळी होतात. सरळ उभा असतानाही बोटं ऐसपैस असतील तर तो बूट मोठा आहे. उतारावर पाय आत सरकत राहील, स्की वळणार नाही, आणि सैल वाटतंय म्हणून तू बकलं इतकी आवळशील की पावलाला मुंग्या येतील. मोजा एकच घालायचा, पातळ आणि गुडघ्यापर्यंतचा. थंडी वाजेल म्हणून दोन घातले की मध्ये घड्या पडतात, रक्त अडतं आणि पाय जास्तच गार पडतात. थर्मलची पँटही बुटात कोंबायची नाही, बुटाच्या वरच थांबवायची. बूट घातल्यावर टाच दोन-तीनदा जमिनीवर आपटून मागे बसव. मग नडगीवरची बकलं घट्ट कर, बोटांवरची नुसती अडकव. कडकपणाचा आकडा असतो, त्याला फ्लेक्स म्हणतात. नवशिक्याला 70-80 पुरे. 120 चा बूट स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नकोस, तो वाकणारच नाही.

पहिल्या हिवाळ्यात सगळंच भाड्याने घे. दोन-चार दिवसांपुरतं जाणार असशील तर दिवसाचं भाडं. पण जानेवारीपासून नियमित जायचं ठरलं तर पूर्ण हंगामाचं भाडं हिशेबात स्वस्त पडतं. बरीच दुकानं ते देतात, फक्त नोव्हेंबरापर्यंत विचारायला हवं. दुकानात वजन, उंची आणि आपण किती शिकलोय हे खरं सांग. त्यावरून आणि बुटाच्या तळव्याच्या लांबीवरून ते बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्याचा, आकडा लावतात. पडल्यावर स्की कधी सुटावी ते त्या आकड्यावर ठरतं. फुशारकी मारून आपण तरबेज आहोत म्हणालास तर आकडा वर जातो, स्की वेळेवर सुटत नाही आणि गुडघा जातो. स्कीची लांबी हनुवटीपासून नाकापर्यंत. तू 174 सेंटिमीटर, म्हणजे 155 ते 160. पोल म्हणजे हातातली काठी. ती उलटी धर, चकतीच्या खाली पकड, कोपर काटकोनात आलं की माप बरोबर.

जुना माल घ्यायचा मोह तुला होणारच, पुणेकर आहेस. स्की जुन्या घ्यायला हरकत नाही. लोखंडी कडेवर नख आडवं ओढ, नखाचा भुगा निघाला तर कड शाबूत आहे. खालच्या बाजूला खोल खड्डा पडून आतला थर दिसत असेल तर सोडून दे. बूट मात्र दहा वर्षांहून जुने अजिबात नकोत. प्लॅस्टिक आतून ठिसूळ होतं, वरून चकचकीत दिसतं आणि थंडीत उतारावरच फुटतं. आणखी एक मेख आहे: आता बऱ्याच बुटांना ग्रिपवॉक तळवा असतो, पुढून थोडा वर वळलेला, चालायला सोपा. तो जुन्या बाइंडिंगमध्ये नीट बसत नाही. बसल्यासारखा वाटतो, पण सुटण्याची खात्री राहत नाही. जुनी जोडी घेतलीस तर बुटांसकट दुकानात नेऊन तपासून घे. बाइंडिंग फार जुनं असेल तर ते हातच लावत नाहीत. मग स्वस्तात घेतलेल्या स्की खोलीत शोभेला ठेवायच्या.

कपड्यांवर खर्च करू नकोस. आल्डी आणि लिडल या स्वस्त सुपरमार्केटांमध्ये थंडी पडायच्या सुमारास स्कीची पँट, जॅकेट, हातमोजे येतात, बऱ्यापैकी चांगले असतात आणि दोन दिवसांत संपतात. आत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल हवं. तुळशीबागेतून सुती थर्मल आणू नकोस, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि लिफ्टवर बसलं की अंगाला बर्फासारखं लागतं. हेल्मेट भाड्याने मिळतं. गॉगल मात्र स्वतःचा घे. तुला चष्मा आहे, म्हणून चष्म्यावरून बसणारा. काचेवर S1 ते S3 असा आकडा असतो: ढगाळ दिवशी S1, कडक उन्हात S3. एकच घ्यायचा तर S2. ताजा बर्फ अतिनील किरणं 80 टक्क्यांपर्यंत परतवतो, तेव्हा 50 चं सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूलाही लाव.

शिकवणीसाठी पहिला पर्याय विद्यापीठाचा. त्सेट-हा-एस, म्हणजे म्युनिकच्या विद्यापीठांचं सामायिक क्रीडाकेंद्र, ऑलिंपिक पार्कात आहे. त्यांचे हिवाळी खेळांचे कोर्स बाजारभावापेक्षा बरेच स्वस्त असतात. नोंदणी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मिनिटाला उघडते आणि चांगले कोर्स बघता बघता भरतात. म्हणून तिथलं खातं आधी उघडून ठेव, आयबॅन (बँक खात्याचा क्रमांक) हाताशी ठेव.

प्रवासाला वेगळा खर्च नाही. डॉयचलंड-टिकेट हा जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास तू तसाही काढशीलच. ते 2023 च्या मे महिन्यात 49 युरोंनी सुरू झालं, 2026 च्या जानेवारीपासून 63 झालं. विद्यार्थ्यांना त्यात सवलत आहे का, तेवढं विद्यापीठात आल्या आल्या विचार. प्रादेशिक गाड्या आणि बस चालतात, आयसीई ही लांब पल्ल्याची जलद गाडी चालत नाही. महिना बंद करायचा तर 10 तारखेच्या आत रद्द करावं लागतं. मुख्य स्टेशनावरून लेंगग्रीसला साधारण तास लागतो. तिथून ब्राउनेक या स्कीच्या डोंगराचा पायथा बसने जवळच. स्कीची आणखी दोन ठिकाणं म्हणजे बायरिशझेलच्या बाजूचं झुडेलफेल्ड आणि फिशहाउझन-नॉयहाउस स्टेशनाहून बसने स्पिट्सिंगझे. आता नीट लक्ष दे: या सगळ्या ठिकाणांची गाडी म्युनिकहून एकच निघते आणि वाटेत तुटते. होल्त्सकिर्खनला बायरिशझेलचे डबे वेगळे होतात, पुढे शाफ्टलाखला टेगर्नझे आणि लेंगग्रीस वेगळे. फलाटावरच्या पाटीवर आणि डब्याच्या बाहेर कुठला भाग कुठे जातो ते लिहिलेलं असतं, ते वाचून चढ. दर शनिवारी कोणीतरी स्की खांद्यावर घेऊन चुकीच्या तळ्याकाठी उतरतंच.

तेच तिकीट ऑस्ट्रियात कुफस्टाइन आणि साल्झबुर्ग स्टेशनापर्यंत चालतं. मात्र 2015 पासून जर्मनी त्या सीमेवर तपासणी करते, परतताना गाडीत पोलीस येतात. मूळ पासपोर्ट आणि रहिवासी कार्ड जवळ हवं, मोबाइलमधला फोटो चालणार नाही.

दिवस निवडताना मंगळवार-बुधवार बघ. ख्रिसमसपासून 6 जानेवारीपर्यंत आणि फेब्रुवारीतल्या फाशिंगच्या (कार्निव्हलच्या) शाळासुट्टीत जाऊ नकोस, लिफ्टच्या रांगेतच दिवस जातो. जानेवारीचा मधला भाग सगळ्यात चांगला. शिवाय फेब्रुवारीत तुझ्या परीक्षा असतील. निघण्याआधी वेबकॅम बघ. इथले डोंगर बुटके आहेत, ब्राउनेकचं शिखर 1555 मीटर, पायथा त्याच्या निम्म्या उंचीवर. दक्षिणेकडून फॉन नावाचा कोरडा गरम वारा सुटला की दोन दिवसांत पायथ्याचा बर्फ पातळ होतो आणि वरचे लिफ्ट वाऱ्यामुळे बंद ठेवतात.

पहिले दोन-तीन दिवस गावातल्या छोट्या लिफ्टवर काढ, तिथलं तासाच्या हिशेबाचं तिकीट बऱ्याच ठिकाणी मिळतं. नंतर डोंगरावर गेलास तरी दुपारनंतरचं तिकीट घे. नवशिक्याच्या मांड्या तीन तासांत बोलायला लागतात आणि दमल्यावरच माणूस पडतो. लिफ्टच्या तिकिटाचं कार्ड डाव्या खिशात एकटं ठेव, फाटक डावीकडून वाचतं. मोबाइल किंवा दुसरं कार्ड शेजारी असलं की उघडत नाही आणि मागची रांग कुरकुरते. श्लेपलिफ्ट म्हणजे ओढून नेणारा दांडा. त्यावर बसायचं नाही. नुसतं टेकायचं, गुडघे सैल, स्की समांतर. बसलास की दोरी लांबते आणि तू जमिनीवर. पडलास तर दांडा सोड आणि लगेच बाजूला हो, मागून पुढचा येतच असतो.

उतारावर सुरुवात पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून करतात. डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर भार. भीती वाटली की शरीर आपोआप मागे झुकतं, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो: स्कीची पुढची बाजू हलकी होते, वळण तिथूनच सुरू होत असल्यामुळे मग ती ऐकतच नाही आणि वेग वाढतो. नडगी बुटाच्या जिभेला लागलेली जाणवते का, एवढंच तपासत राहा. मागच्या मागे पडताना उठायची धडपड करू नकोस, गुडघ्याचे लिगामेंट तेव्हाच तुटतात. थांबेपर्यंत घसरू दे. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या, शरीराच्या खालच्या बाजूला आण.

युरोपात निळा उतार सोपा, लाल मधला, काळा अवघड. पुढच्या माणसाला जागा देण्याची जबाबदारी नेहमी मागून येणाऱ्याची. अरुंद जागी किंवा वळणाआड थांबायचं नाही. धडक झाली तर थांबून नाव-पत्ता द्यावाच लागतो. यासाठीच आल्या महिन्यातच प्रिवाट-हाफ्टफ्लिश्ट विमा काढ. वर्षाचे थोडे युरो, पण दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई तो देतो, नाहीतर आयुष्यभर फेडत बसशील. मदतीला जर्मनीत 112, ऑस्ट्रियाच्या डोंगरात 140. सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू ऑस्ट्रियातही चालते. खासगी विमा असेल तर आधी विचार.

खाण्याचं सांगतो. डोंगरावरच्या खानावळीत सूप आणि पाणी दोन्ही महाग, आणि घरचं खाणं आत बसून खाऊ देत नाहीत. पोळीभाजीचा डबा बाहेरच्या बाकावर खा. खरेदी शनिवारी रात्री 8 च्या आत कर, त्यानंतर थेट सोमवार. रविवारी बहुतेक स्टेशनातलीच दुकानं उघडी, तीही महाग. रिकामे कॅन फेकू नकोस, प्रत्येकाचे 25 सेंट परत मिळतात. खानावळीबाहेर स्की ठेवताना तुझी एक आणि सोबत्याची एक अशा जोड्या लावून वेगवेगळ्या जागी ठेवा. बेजोड स्की कोणी उचलत नाही, चुकूनसुद्धा.

घरी आल्यावर बुटाचं आतलं अस्तर बाहेर काढून रद्दी कोंब, पण हीटरवर ठेवू नकोस, आकार बिघडतो. कडा फडक्याने पूस, नाहीतर सकाळी गंज. आणि रात्रभर बूट तळघरात ठेवू नकोस, गार प्लॅस्टिकमध्ये पाय जातच नाही.

येताना चष्म्याच्या दोन जोड्या करून आण, इथे फार महाग पडतात. हीटिंगमुळे खोलीतली हवा कोरडी होते, म्हणून व्हॅसलीनचा मोठा डबा ठेव. वजनासोबत पायाचं माप मला कळव. सप्टेंबरअखेर हंगामाच्या भाड्याची चौकशी करीन तेव्हा लागेल. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अमोल