चूक त्यांची, भुर्दंड आमचा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला करारांवरचा लेख वाचला. ‘चूक झाली की करार रद्द’ असे वकीलसाहेबांनी एका वाक्यात उरकून टाकले आहे. साहेब, ते भारतीय करार कायद्याचे कलम २०, दोन्ही पक्षांची चूक असेल तर. एकाच पक्षाची वस्तुस्थितीबाबत चूक झाली, एवढ्याच कारणाने करार मोडता येत नाही, असे कलम २२ सांगते. १८७२ पासून ते कायद्यात आहे. तुमच्या लेखात तेवढे राहिले.

एवढे चिडायचे कारण सांगतो. गेल्या मार्गशीर्षात मुलीचा साखरपुडा होता. कार्यालयाची पावती ४५ हजारांची, भांडी आणि जनरेटर धरून. कार्य तोंडावर आले आणि व्यवस्थापकांचा फोन: ‘काका, पोराने जुने दरपत्रक बघून पावती फाडली, १८ हजार जास्तीचे द्यावे लागतील.’ गावातल्या इतर कार्यालयांचे दरही ४५च्या आसपासच, त्यामुळे शंका यायचे कारणच नव्हते. (समोरच्याची चूक उघड दिसत असताना गप्प बसून फायदा उपटणाऱ्याला कोर्ट थारा देत नाही, हे मलाही कळते. १९३९ साली इंग्लंडात रानसशांच्या कातड्यांचा भाव नगाऐवजी वजनाच्या पौंडावर सांगितला गेला, तेव्हा खरेदीदार हरला तो त्यामुळेच.) पत्रिका वाटून झाल्या होत्या. निमूट पैसे भरले. त्याच पावतीच्या मागे छापले आहे: ‘ग्राहकाने चुकीची तारीख दिल्यास अनामत परत मिळणार नाही.’ म्हणजे आमची चूक ती चूक, त्यांची ती दरवाढ!

मुंबई हायकोर्टात असा दावा १८९२ सालीच येऊन गेला आहे. हाजी अब्दुल रहमान अल्लारखिया यांनी जेद्दाहून यात्रेकरू आणायला बोट ठरवली. करारात लिहिले ‘१० ऑगस्ट, हजनंतर पंधरा दिवसांनी’. प्रत्यक्षात तो पंधरावा दिवस निघाला १९ जुलै. बोट कंपनीने व्यवहार केला होता तो इंग्रजी तारखेवर, चूक एकट्या हाजींची. कोर्टाने तारीख बदलून दिली नाही. हाजींना तारीख सुटली नाही, मग कार्यालयवाल्यांना दर कसा सुटतो?

आता आमचे व्यवस्थापक तुमचा लेख कापून, लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावतील. कृपया दुरुस्ती छापा, आणि मागच्या वेळेसारखी राशिभविष्याखाली बारीक टायपात नको. अंकाची किंमत वाढवल्यापासून शब्दकोड्याची उत्तरेही दुसऱ्या दिवशी येत नाहीत, त्याचेही बघावे.

कळावे,
एक जुना वर्गणीदार, मिरज