काकाजी, तुमच्या बंद कूलरबद्दल

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "जा बाप्पा" म्हणून हात झटकता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. काकू वाचून दाखवतील, मधेच उठून जाऊ नका.

साक्षगंधाला माझी आजी येऊ शकली नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यात मे महिना; आर्वीहून तिला आणायची कोणाची छाती? पण अंगठी तिच्याच पाटलीच्या सोन्याची. "मले जवळून दिसली पाहिजे," एवढंच तिचं म्हणणं. मी गच्चीवर भर उन्हात शंभर-सव्वाशे फोटो काढले. हिऱ्याच्या जागी कधी पांढरा भडका, कधी काळा खड्डा. मग बाल्कनीत हिरव्या जाळीखाली बसले, तर सोन्यावर शेवाळ चढल्यासारखं दिसलं. तेव्हाच तुम्ही खालून विचारलंत, "अंगठी कायले भाजून राहिली व पोरी?"

तुमच्या बैठकीची उत्तरेची खिडकी म्हणजे तुमचा कूलर. मे अखेर नागपुरात बाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. ऊन छज्जा अडवतो आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून परतलेला मऊ उजेड तेवढा आत येतो. हे सांगता सांगता तुम्ही कूलर बंद केलात आणि चाकाचं स्टँड बाजूला ढकललंत. बाहेर ४५ अंश! काकू काही बोलल्या नाहीत, पदराने वारा घेत कणीक मळत राहिल्या. खरं तर पहिले आभार त्यांचेच.

तुम्ही अंगठी हातात घेतलीत, चष्मा वर केलात आणि म्हणालात, "आधी हिले आंघोळ घाल." कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, जुना मऊ ब्रश. हिऱ्याला तेलकटपणा पटकन धरतो. खाणीत खडीतून हिरे वेगळे करायला चरबी लावलेले पाटे वापरत, हे मी नंतर वाचलं. मी तर सकाळपासून ती बोटांनी चिवडत होते, चमकणार कुठून!

मग नातवाची पाटी आली. काकूंच्या परातीतली कणकेची गोळी अंगठीच्या मागे लपली आणि अंगठी ताठ उभी राहिली. ट्यूबलाइट बंद, कारण दोन रंगांचे उजेड मिसळले की सोनं आजारी दिसतं. माझा लाल कुर्ता सोन्यात उतरत होता, म्हणून मला मागे सरकवलंत. एका बाजूला लग्नपत्रिकेची कोरी पाठ धरलीत, दुसऱ्या बाजूला स्टुडिओच्या दिवसांतला, फोटोपेपरच्या पाकिटातला काळा कागद. इतकी वर्षं तो कशाला जपून ठेवला होता, विचारायचं राहून गेलं. त्या काळ्या पट्टीने सोन्याला अशी कड आली, की मी फोन खाली ठेवून नुसती बघत बसले.

तरी हिऱ्यातला काळा डाग जाईना. तुम्ही हसलात. "तो डाग नाही, तुझं डोकं आहे." वरून आत गेलेला उजेड आत फिरून वरच परततो. वर मीच वाकलेली असले, तर तो दाखवणार तरी काय? अंगठी केसभर तिरपी केलीत. मी हातभर मागे सरकले, २ पट झूम केला, बोट दाबून फोकस पक्का केला, उजेड थोडा उतरवला, फोन डब्याला टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावला. फक्त अकरा फोटो काढले. नववा आजीला पाठवला.

तुमचा सदरा तोवर पाठीला चिकटला होता. तासाभराने कूलर परत लावलात, तेव्हा पहिल्या झोताला काकू एवढंच म्हणाल्या, "झालं का बाप्पा एकदाचं?"

आजीने मामेभावाकडून फोटो मोठा करून घेतला आणि बराच वेळ पाहिला म्हणे. मग फोन आला. हिऱ्याबद्दल एक शब्द नाही. "पाटली माही २२ ची होती. अंगठी १८ ची कशी?" हिरा घट्ट धरायला कडक सोनं लागतं, म्हणून सराफ दुसरा धातू मिसळतात, हे मी समजावलं. पटलं नाही. तिला आता आतल्या बाजूचा हॉलमार्क बघायचा आहे, १८ कॅरेटची खूण असलेला ७५० चा आकडा आणि दागिन्याच्या ओळखीचा सहा अक्षरी नंबर, दोन्ही स्वच्छ.

तर काकाजी, रविवारी बाराला येऊ का? कूलर मी ढकलेन. काकूंसाठी कैरीचं पन्हं आणते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची पोर